इंग्लंडमध्ये लग्न करायचंय? आधी नोटीस, मग मुहूर्त

लंडनबाहेरच्या एका हॉलमध्ये लागलेलं एक लग्न मला चांगलं आठवतं. अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं म्हणायला दोन्हीकडच्या मावश्या पुढे आल्या होत्या, लाजाहोम झाला, सप्तपदी झाली. गुरुजींनी एकेका विधीचा अर्थ इंग्रजीतूनही सांगितला. दीड वर्षानं मुलीला नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून अर्ज करायचा होता. मी फॉर्म भरायला मदत करत होते. विवाहाच्या दाखल्याच्या रकान्याशी आम्ही थांबलो, कारण लावायला काहीच नव्हतं. हॉलच्या पावत्या होत्या, अल्बम होता, गुरुजींचं पत्र होतं. इंग्लंडच्या कायद्याच्या दृष्टीनं मात्र ती दोघं अविवाहित होती.

त्या मुलीचा त्या संध्याकाळचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिते आहे. इथे शिकायला किंवा नोकरीला आलेली, इथेच जोडीदार भेटलेली, किंवा ब्रिटिश नागरिक असलेल्या मुलाशी वा मुलीशी लग्न ठरलेली मराठी मंडळी दरवर्षी याच प्रश्नांपाशी येऊन अडकतात. लेख मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सबद्दल आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, त्यावर पुढे थोडं येईल.

लग्न एकदाच लागतं, हे आधी ठरवून घ्या

घरच्यांच्या मनात बहुतेक वेळा दोन लग्नं असतात: एक इथलं कागदोपत्री आणि एक पुण्याचं किंवा नाशिकचं, साग्रसंगीत. सोहळे दोन करायला काहीच हरकत नाही, पण कायद्यात लग्न एकच असतं आणि त्याची तारीखही एकच असते. त्यामुळे पहिला प्रश्न हा, की कायदेशीर लग्न कोणत्या देशात लावायचं? तो सुटला की पुढची सगळी कामं आपोआप रांगेत लागतात.

गडबड दोन्ही बाजूंनी होते. समजा, डिसेंबरमध्ये सांगलीला विधिवत लग्न लागलं. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे सप्तपदीचं सातवं पाऊल पडलं की ते लग्न पूर्ण होतं. नोंदणी राहिली असली तरी लग्न झालेलंच असतं. मग मार्चमध्ये इथे येऊन रजिस्टर ऑफिसमध्ये ‘अविवाहित’ म्हणून नोटीस (म्हणजे आपण लग्न करणार असल्याची आगाऊ सूचना) द्यायची, तर ते खोटं विधान ठरतं, आणि लग्नाच्या नोटिशीत जाणूनबुजून खोटं लिहिणं हा इथे गुन्हा आहे. अशा वेळी योग्य रस्ता एकच. सांगलीच्या लग्नाची तिथेच नोंदणी करून दाखला घ्यायचा आणि तोच इथे वापरायचा. परदेशात रीतसर लागलेलं लग्न ब्रिटनमध्ये मान्य होतं. ते इथे पुन्हा नोंदवावं लागत नाही.

उलटा प्रकारही होतो. जूनमध्ये इथे रजिस्टर लग्न झालं, जानेवारीत गावी सोहळा झाला, आणि कुणीतरी काका हौसेनं लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही घेऊन महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून दुसरा दाखला काढून आणतात. आता हातात दोन दाखले आणि दोन तारखा. एखाद्या व्हिसा अर्जात एक तारीख, पासपोर्टच्या अर्जात दुसरी गेली, की पुढे वर्षानुवर्षं खुलासे देत बसावं लागतं. काकांना आधीच प्रेमानं सांगून ठेवा: सोहळा हवा तेवढा मोठा करा, नोंदणी मात्र करू नका.

तुमचा व्हिसा काय म्हणतो

साध्या टूरिस्ट व्हिसावर इथे येऊन लग्न करता येत नाही. नोटीसही देता येत नाही. ‘आधी फिरायला जाऊ, तिथे गेल्यावर बघू’ असं म्हणून निघू नका.

फक्त लग्नासाठी यायचं आणि परत जायचं असेल तर मॅरेज व्हिजिटर व्हिसा असतो. तो सहा महिन्यांपर्यंतचा असतो, वाढवून मिळत नाही, त्यावर काम करता येत नाही आणि इथेच राहून तो दुसऱ्या व्हिसात बदलताही येत नाही. जोडीदार ब्रिटिश नागरिक किंवा इथे कायम वास्तव्याचा हक्क असलेला असेल आणि लग्नानंतर इथेच राहायचं असेल, तर फियान्से व्हिसा. तोही सहा महिन्यांचा, त्या मुदतीत लग्न लावायचं आणि मग इथूनच जोडीदाराच्या व्हिसासाठी अर्ज करायचा. या सहा महिन्यांतही नोकरी करता येत नाही. हा मार्ग घेणाऱ्यांना उत्पन्नाची अट लागते. ११ एप्रिल २०२४ पासून ती वर्षाला २९,००० पौंडांवर नेली आहे. त्यामुळे अनेक घरं भारतातच लग्न नोंदवून थेट जोडीदाराचा व्हिसा काढणं पसंत करतात. मलाही तो रस्ता सरळ वाटतो, कारण एक अर्ज आणि एक फी वाचते.

तुम्ही आधीच इथे विद्यार्थी किंवा स्किल्ड वर्कर व्हिसावर राहत असाल तर लग्नासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. त्या व्हिसाची मुदत शिल्लक असली की पुरे. पण एक गैरसमज दूर करायला हवा: लग्न झालं म्हणून जोडीदाराला आपोआप इथे राहायचा हक्क मिळत नाही. १ जानेवारी २०२४ पासून संशोधन किंवा सरकारी शिष्यवृत्तीवरचे अभ्यासक्रम सोडले तर नव्या विद्यार्थ्यांना डिपेंडंट आणता येत नाहीत, आणि ११ मार्च २०२४ पासून नव्यानं आलेल्या केअर वर्कर्सनाही नाही. मास्टर्स करणाऱ्या मुलांनी लग्नाची घाई करण्याआधी हे एकदा शांतपणे वाचावं.

नोटीस: या सगळ्याचा कणा

भारतात विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. इथली नोटीस त्याच जातीची आहे, पण नियम जास्त काटेकोर.

इंग्लंड-वेल्समध्ये नोटीस देण्याआधी दोघांनीही इथे किमान सात पूर्ण दिवस राहिलेलं असावं लागतं. येण्याचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे २० फेब्रुवारीला उतरलात तर २१ ते २७ हे सात दिवस, आणि नोटीस २८ तारखेला. दोघांपैकी एक जण जरी व्हिसावर असेल, तर ठरवून दिलेल्या रजिस्टर ऑफिसमध्ये दोघांनी एकत्र, स्वतः हजर राहून नोटीस द्यायची. आईवडील, एजंट किंवा वकील तुमच्या वतीनं ती देऊ शकत नाहीत. ऑनलाइन होते ती फक्त अपॉइंटमेंट, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती मिळायलाही काही आठवडे लागू शकतात.

नोटीस दिल्यावर २८ पूर्ण दिवस थांबायचं. १ मार्चला नोटीस दिली तर लवकरात लवकर ३० मार्चला लग्न. पण दोघांपैकी कुणी विद्यार्थी किंवा वर्क व्हिसावर असेल तर रजिस्ट्रार ती नोटीस होम ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याकडे, पाठवतात, आणि होम ऑफिस ही मुदत ७० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. मग तीच १ मार्चची नोटीस ११ मेपर्यंत जाते. या वाढीव काळात ते चौकशी करतात, घरी येऊ शकतात, मुलाखतीला बोलावू शकतात. त्यात सहकार्य केलं नाही तर लग्नाची परवानगीच अडते. मॅरेज व्हिजिटर आणि फियान्से व्हिसावाल्यांना, तसंच कायम वास्तव्याचा हक्क असलेल्यांना ही जादा मुदत लागत नाही. त्यांच्यासाठी २८ दिवसच.

म्हणून शीर्षकात लिहिलं आहे: आधी नोटीस, मग मुहूर्त. गुरुजींकडून तारीख काढून, हॉलला आगाऊ रक्कम देऊन, भारतातल्या पन्नास जणांची तिकिटं काढून मग नोटिशीला जाणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. सत्तर दिवसांचं पत्र आलं की त्यांच्या पायाखालची वाळू सरकते. वर्क व्हिसावर असाल तर सत्तर दिवस लागतीलच असं धरूनच तारीख काढा. लवकर सुटलं तर उत्तमच, कारण नोटीस दिल्या दिवसापासून बारा महिने चालते.

लग्नाची जागा नोटिशीतच लिहावी लागते, ही गोष्ट अगदी शेवटच्या क्षणी लक्षात येते. नंतर जागा बदलली तर नवी नोटीस, नवी फी आणि पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजणं. फी प्रत्येकी भरायची असते. साधी ४२ पौंड आणि होम ऑफिसकडे जाणाऱ्या नोटिशीला ५७ पौंड अशी ती आहे, पण हे दर बदलत असतात, भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर चालू आकडा बघून घ्या.

त्या खोलीत काय विचारतात

नोटिशीच्या वेळी दोघांना बहुधा वेगवेगळं आत बोलावतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. कुणावर जबरदस्ती तर होत नाही ना, आणि लग्न खरं आहे ना, एवढंच त्यांना पाहायचं असतं. जोडीदाराचं पूर्ण नाव, जन्मतारीख, व्यवसाय, पत्ता, आधी लग्न झालं होतं का, असे प्रश्न असतात.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीला होणाऱ्या नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. तिनं त्याचं नाव आणि आडनाव सांगितलं. समोरची बाई पासपोर्टकडे बघत थांबली. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव होतं, आणि इथल्या लेखी ते त्याचं ‘मधलं नाव’ नसून त्याच्या नावाचाच भाग होतं. मुलीला ते माहीत होतं, पण आपल्याकडे कुणी कुणाला असं तीन पदरी नावानं हाक मारतं का? तिनं ते समजावून सांगितलं आणि काम झालं. तरी सांगते, आदल्या रात्री एकमेकांचे पासपोर्ट समोर ठेवून त्यावरची नावं जशीच्या तशी वाचून घ्या. जन्मतारखाही. घरात साजरा होणारा वाढदिवस तिथीनं आणि शाळेत लावलेली तारीख वेगळी, असा प्रकार असेल तर पासपोर्टवर जी आहे तीच खरी.

सोबत न्यायचे कागद फार नाहीत: मुदतीत असलेला पासपोर्ट, पत्त्याचा अलीकडचा पुरावा (बँकेचं पत्रक किंवा काउन्सिल टॅक्सचं बिल), व्हिसाचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. जुनी बायोमेट्रिक कार्डं आता गेली, व्हिसा ऑनलाइन झाला आहे. तेव्हा शेअर कोड (आपला ऑनलाइन व्हिसा दुसऱ्याला दाखवण्याचा कोड) आदल्या दिवशी काढून ठेवा. जन्मदाखला नसला तरी भारतीय पासपोर्टवर काम भागतं. तहसीलदारांकडून ‘अविवाहित असल्याचा दाखला’ आणायची धावपळही इंग्लंड-वेल्ससाठी करावी लागत नाही. इतर देशांत तो लागतो, म्हणून लोक इथेही लागेल असं समजून उगाच खर्च करतात.

आधीचं लग्न झालेलं असेल तर

इथे मात्र कागद कडक लागतात, आणि याच मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे. आधीच घटस्फोटाचा त्रास काढलेल्या माणसाला कागदासाठी पुन्हा रडवलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

भारतातला घटस्फोट असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल लागते. ती मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सही-प्रमाणपत्रासह. परदेशी घटस्फोट रजिस्ट्रार तपासतात किंवा वरच्या कार्यालयाकडे पाठवतात. त्याची वेगळी फी असते आणि वेळही लागतो. हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट असेल तर अपिलाची ९० दिवसांची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही, हेही तारखेच्या हिशेबात धरा. हुकूमनामा हातात पडला त्याच आठवड्यात नोटीस द्यायला जाऊ नका.

आपल्याकडे अनेक समाजांत काडीमोड किंवा सोडचिठ्ठीची रीत आहे. पंचांसमोर किंवा नोटरीकडे स्टॅम्प पेपरवर फारकतनामा होतो आणि गावाच्या दृष्टीनं विषय संपतो. रूढीनं होणाऱ्या घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये जागा आहे, पण ती रूढी त्या समाजात खरोखर चालत आलेली आहे हे सिद्ध करावं लागतं. इथल्या रजिस्ट्रारसमोर नुसता स्टॅम्प पेपर ठेवला तर तो पुरावा म्हणून टिकण्याची आशा धरू नका. अशा व्यक्तीनं भारतातल्या दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयाकडून तसा ठराव मिळवूनच पुढचं पाऊल टाकावं. त्याला महिने लागतात. साखरपुड्याच्याही आधी वकील गाठा.

जोडीदार वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि त्या लग्नाचा पुरावा न्यायचा. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी आधी दुरुस्ती करून घ्या. इथे बसून ग्रामपंचायतीतून दुरुस्ती करून घेणं फार जड जातं.

प्रत्यक्ष लग्नाचा दिवस

रजिस्टर ऑफिसमध्ये किंवा परवानाप्राप्त जागेत होणारं लग्न हे नागरी लग्न. त्याला रजिस्ट्रार हजर असतात, दोन साक्षीदार लागतात, आणि दोघांना ठरावीक वाक्यं स्वतःच्या तोंडानं म्हणावी लागतात. एक घोषणेचं, की या विवाहाला कायद्याची कुठलीही आडकाठी असल्याचं मला माहीत नाही. दुसरं स्वीकाराचं, की मी या व्यक्तीला माझी कायदेशीर पत्नी किंवा पती म्हणून स्वीकारतो वा स्वीकारते. इंग्रजी नीट समजत नसेल तर दुभाष्या आणायचा असतो. साक्षीदार ब्रिटिशच हवेत असं नाही, पण समोर काय चाललं आहे ते त्यांना कळलं पाहिजे. आजीला हौसेनं साक्षीदार करायचं असेल तर हे आधी रजिस्ट्रारशी बोलून घ्या.

नागरी लग्नात धार्मिक विधी चालत नाहीत. मंगलाष्टकं, गणेशवंदना, होम यांतलं काहीही नाही. वाजवायची गाणी आणि वाचायचे उतारेही आधी दाखवावे लागतात. पण नऊवारी नेसून, मुंडावळ्या बांधून, फेटा घालून जायला कुणाची ना नाही. हार घालायचे असतील तर तेही आधी विचारून ठेवा. शांत, छोटासा प्रसंग असतो, वीस मिनिटांचा. मला तो आवडतो. त्या वीस मिनिटांत दोघं फक्त एकमेकांकडे बघतात.

४ मे २०२१ पासून इथे विवाहाच्या नोंदीत वडिलांबरोबर आईचंही नाव आणि व्यवसाय लिहितात. त्याआधी कितीतरी पिढ्या फक्त वडिलांचं लिहीत. आईच्या नावाचं स्पेलिंग तिच्या पासपोर्टवरून किंवा आधारवरून उतरवून न्या. तिच्या व्यवसायाच्या जागी ‘गृहिणी’ लिहायचं की तिनं आयुष्यभर केलेली शिवणकामाची किंवा शेतीची कामं लिहायची, याचा आधी विचार करा. सही करण्यापूर्वी प्रत्येक अक्षर तपासा, कारण नंतरची दुरुस्ती फार वेळखाऊ असते.

मग गुरुजींचं लग्न कुठे बसतं

इंग्लंड-वेल्समध्ये विवाह कायदा, १९४९ प्रमाणे धार्मिक लग्न कायदेशीर ठरायला दोन गोष्टी लागतात: ती वास्तू विवाहासाठी नोंदलेली हवी, आणि लग्नाच्या वेळी अधिकृत व्यक्ती किंवा रजिस्ट्रार हजर हवा. शिवाय नोटीस तर हवीच. काही मंदिरं अशी नोंदलेली आहेत, बरीच नाहीत. सामाजिक संस्थेचा हॉल, हॉटेलचं लॉन, घरामागची बाग इथे नुसत्या विधींनी लग्न लागत नाही. मशिदीत किंवा घरी झालेल्या निकाहालाही हेच लागू. २०२० मध्ये इथल्या अपील न्यायालयानं अशाच एका निकाहाच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की कायद्याच्या चौकटीबाहेरचा असा विधी म्हणजे रद्दबातल ठरवता येईल असं लग्नसुद्धा नव्हे. वेगळं व्हायची वेळ आली तर पत्नी म्हणून पोटगी किंवा घरातला वाटा मागण्याची दारं त्यामुळे बंद होतात. याची झळ मुख्यतः बायकांना बसते. मुलीच्या आईवडिलांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

साधा उपाय असा, की रजिस्टर ऑफिसचं छोटं लग्न आधी उरका आणि विधींचं लग्न पुढे गुरुजींच्या मुहूर्तावर, हव्या त्या जागी करा. कायदेशीर तारीख पहिल्या लग्नाची.

वसई, नगर किंवा पुण्याकडच्या ख्रिस्ती घरांसाठी एक टीप. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तीन रविवारी नावं वाचून लग्न लावण्याची जुनी रीत आहे, पण व्हिसावर असलेल्यांना ती चालत नाही. त्यांना रजिस्ट्रारचं प्रमाणपत्रच आणावं लागतं. बेने इस्रायली वाचकांसाठी: यहुदी रीतीच्या लग्नाला इथल्या कायद्यात जुनी सवलत आहे, ते ठरावीक इमारतीतच व्हायला हवं असं नाही. मात्र नोटीस त्यांनाही चुकत नाही.

स्कॉटलंडमध्ये पद्धतच वेगळी. तिथे वास्तूला नव्हे, लग्न लावणाऱ्या व्यक्तीला मान्यता असते. मान्यताप्राप्त गुरुजी मिळाले तर मांडवात, तळ्याकाठी, कुठेही लागलेलं लग्न थेट कायदेशीर. एम-टेन नावाचा फॉर्म लग्नाआधी किमान २९ दिवस पोहोचवायचा असतो. तिथे राहण्याची अट नाही. मात्र गेली दोन वर्षं ब्रिटनमध्ये राहत नसाल तर लग्नाला हरकत नसल्याचं आपल्या देशाचं प्रमाणपत्र मागतात.

भारताच्या बाजूनं

भारतीय नागरिक परदेशात लग्न करतात तेव्हा परदेशी विवाह कायदा, १९६९ आठवणीत ठेवायचा. त्यात दोन रस्ते आहेत. एक, दूतावासातल्या विवाह अधिकाऱ्यापुढे तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न लावणं. मात्र ते त्या देशाच्या कायद्याविरुद्ध जाता कामा नये. दुसरा, त्या देशाच्या कायद्यानं लागलेल्या लग्नाची कलम १७ खाली दूतावासात नोंद करणं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना दुसराच सोयीचा. लंडनचं उच्चायुक्तालय आणि बर्मिंगहॅम, एडिनबरा इथले वाणिज्य दूतावास ही कामं करतात. ही नोंद केलीच पाहिजे असं नाही. ब्रिटिश दाखल्यावर अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, करारातल्या इतर देशांत चालणारा सरकारी शिक्का) घेतलं तर भारतातल्या बहुतेक कामांना तो चालतो. भारत आणि ब्रिटन दोन्ही अपॉस्टिल करारात आहेत, भारत २००५ पासून.

कलम १७ च्या नोंदीसाठी कलम ४ च्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: कुणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा, मुलगा २१ वर्षांचा आणि मुलगी १८ वर्षांची हवी, आणि निषिद्ध नात्यात लग्न नसावं. या शेवटच्या अटीशी मराठी घरांचा जवळचा संबंध आहे. मामेबहिणीशी लग्न इंग्लंडच्या कायद्याला पूर्ण मान्य आहे. भारताच्या विशेष विवाह कायद्याच्या परिशिष्टात मात्र ते निषिद्ध नात्यांत मोडतं, आणि परदेशी विवाह कायदा तीच यादी वापरतो. तरीही, दोघांपैकी एकाच्या व्यक्तिगत कायद्यात किंवा रूढीत तसं लग्न चालत असेल तर सूट आहे. आपल्याकडे कितीतरी समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत उघड आहे. दूतावासात ती रूढी शपथपत्रावर सांगावी लागली तर आडवळणं घेऊ नका, सरळ सांगा.

इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहेत आणि आपली मुलंमुलीही असे विवाह करतात. ते लग्न इथे पूर्ण लग्न आहे. व्हिसा, वारसा, इस्पितळातले निर्णय, सगळ्यासाठी. भारतात मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही त्याला मान्यता नाही. म्हणून भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र आणि बँकेतलं नामांकन लग्नानंतर लगेच करून घ्या. हे काम मागे ठेवू नका.

गोव्याच्या वाचकांनी एक गोष्ट लग्नाआधीच करायची आहे. गोव्याच्या नागरी संहितेत वेगळा करार नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होते, आणि तो करार लग्नापूर्वीच रीतसर नोंदवावा लागतो. लग्न लागल्यावर ती व्यवस्था बदलता येत नाही. गोव्यात घर, बागायत असेल तर लंडनच्या नोटिशीआधी मडगावचा किंवा पणजीचा वकील गाठा.

इंग्लंड नसेल तर

प्रत्येक देशाचा गळ वेगळ्या ठिकाणी अडकतो. जर्मनीत वेळ खातो तो कागदांच्या पडताळणीत. भारताच्या अपॉस्टिल सदस्यत्वावर जर्मनीनं आक्षेप घेतलेला असल्यामुळे भारतीय जन्मदाखल्यावरचं अपॉस्टिल तिथे पुरत नाही आणि चौकशीत महिने जातात. म्हणून जर्मनीतली कितीतरी मराठी जोडपी डेन्मार्कला जाऊन लग्न करतात. तिथे २०१९ पासून एकच सरकारी कार्यालय अर्ज तपासतं आणि त्यानं दिलेलं प्रमाणपत्र चार महिने चालतं. इटलीत आपल्या दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. थायलंड-बालीच्या डेस्टिनेशन लग्नाबद्दल माझा सल्ला एकच: कायदेशीर लग्न भारतात नोंदवून जा, तिथे सोहळा करा.

दाखला हातात आल्यावर

दाखल्याच्या तीन प्रती एकदमच मागवा. एक अपॉस्टिलसाठी मिल्टन कीन्सच्या कार्यालयाकडे जाईल, एक व्हिसाच्या फाइलला लागेल, एक घरी राहील. छायाप्रत बहुतेक ठिकाणी चालत नाही.

नाव बदलायचं की नाही, हा तुमचा प्रश्न आहे. इथे लग्नानं नाव आपोआप बदलत नाही आणि भारतीय कायद्यातही तशी सक्ती नाही. बदलणार असाल तर आधी भारतीय पासपोर्ट, मग ऑनलाइन व्हिसाच्या खात्यातली नोंद, मग बँक आणि नोकरी, असा क्रम ठेवा. पासपोर्ट नूतनीकरणाला गेला असताना प्रवास करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि गावच्या सोहळ्याची विमानाची तिकिटं, पत्रिकेत सासरचं आडनाव छापलेलं असलं तरी, त्या दिवशी हातात असलेल्या पासपोर्टवरच्याच नावानं काढा.